थडगें कोणाचें?

मृतांविषयीं जिवंतांचें कांहीं कर्तव्य आहे, ही गोष्ट सर्व देशांतील व सर्व धर्मांतील लोकांनीं मान्य केलेली आहे. तें कर्तव्य कोणतें, किती दिवसांचें व कोणीं करावयाचें, एवढ्यापुरताच काय तो मतभेद. आम्हां हिंदूंची यांतून सुटका बरीच सोपी झालेली आहे. अग्नि देह घेतो, नदी अस्थि घेते, आणि दहाव्या-बाराव्या दिवसानंतर मृताच्या नांवाची पृथ्वीवर वीतभरही जागा उरत नाहीं. उरते ती तिथि. आणि तिथीची पडझड होत नाहीं, तिला ओळंबा लावावा लागत नाहीं, तिच्या फटींत पिंपळ उगवत नाहीं. परंतु ज्या समाजांनीं आपले मृत मातीच्या स्वाधीन केले व त्यांच्या उशाशीं नांव कोरून दगड उभा केला, त्यांनीं आपल्या स्मृतीला देह दिला. देह म्हटला कीं जरा आली, व्याधि आली, आणि कोणीतरी शुश्रूषा करावयाची हेंही आलें. शुश्रूषा करणारे आप्तच उरले नाहींत म्हणजे हें काम कोणाकडे येतें? हा प्रश्न वरवर पाहतां बांधकामखात्याचा वाटतो, आणि आम्हांसही तो बरींच वर्षें तसाच वाटत होता. तो नीतीचा प्रश्न आहे, हें आम्हांस एका अपघातानें शिकविलें.

ज्या गांवीं आम्ही अध्यापन करतों तेथें एके काळीं इंग्रजी पलटणीची छावणी होती. छावणी गेली, तिची दफनभूमि राहिली. कॉलेजच्या मागच्या कुंपणापलीकडे दोन-अडीच एकरांचें तें आवार आहे. आंत शंभरावर थडगीं; कांहीं नुसत्या चौथऱ्यांचीं, कांहीं उभ्या शिळांचीं, आणि मधोमध तीन-चार उंच निमुळते स्तंभ. ग्रे कवीची खेड्यांतल्या दफनभूमीवरील विलापिका आम्हीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकविली. खिडकींतून दिसणाऱ्या त्या आवाराकडे विद्यार्थ्यांस बोट दाखवावें, असें मात्र एकदांही सुचलें नाहीं. सहा वर्षांपूर्वीं त्या जागेची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनीं आमचें मत विचारलें: कांहीं शिळा कलल्या आहेत, त्यांचें काय करावें? आम्हीं मोठ्या उत्साहानें चार पानांचें टिपण लिहून दिलें. रस्किननें १८४९ सालीं आपल्या वास्तुकलेवरील प्रसिद्ध ग्रंथांत जीर्णोद्धाराच्या खटाटोपावर जी कठोर टीका केली आहे तिचा आधार घेतला. काळानें जें वांकविलें तें मनुष्यानें सरळ करूं नये, कललेली शिळा हीच त्या स्थळाची खरी शोभा होय, असा अभिप्राय दिला. टिपण सर्वांस आवडलें. त्यांत खर्च कांहींच सुचविलेला नसल्यामुळें तें विशेषच आवडलें.

पुढच्या वर्षीं श्रावणांत, आठ दिवसांच्या संततधारेनंतर, त्यांतील एक शिळा पडली. जवळच्या वस्तींतील दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा चेंडू काढण्यासाठीं तिच्या पायथ्याशीं वांकला होता. जीव वांचला, उजवा पाय गुडघ्याखालीं मोडला. हाड जुळलें, पण आंखूड जुळलें, आणि तो मुलगा आज किंचित् लंगडत चालतो. आम्ही त्याला पाहावयास गेलों तेव्हां त्याच्या आईनें आम्हांस दोष दिला नाहीं. आमच्या टिपणाची तिला वार्ताही नव्हती. तिनें एवढेंच विचारलें, "साहेब, ते थडगं होतं तरी कुणाचं?"

आम्हांस सांगतां आलें नाहीं. ज्या शिळेच्या शोभेवर आम्हीं चार पानें लिहिलीं, तिच्यावरील नांव आम्हीं वाचलेंच नव्हतें.

त्या बाईच्या प्रश्नाचे दोन अर्थ होतात, हें आमच्या ध्यानांत मागाहून आलें. तेथें कोण पुरलें आहे, हा एक अर्थ. तें थडगें आतां कोणाच्या जबाबदारीचें आहे, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर शिळेवर होतें. दुसऱ्याचें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. प्रस्तुत लेखांत आम्हीं विचार करावयाचा योजिला आहे तो मुख्यतः या दुसऱ्या अर्थाचा.

असे प्रसंग आमच्याच गांवीं घडतात असें नाहीं. इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील हॅरोगेट येथें २००० सालीं थडग्याची शिळा अंगावर पडून सहा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. त्यानंतर त्या देशांतील नगरसभांनीं आपापल्या दफनभूमींतील शिळांची परीक्षा मोठ्या प्रमाणावर सुरू केली. परीक्षेची रीत साधी आहे. शिळेच्या माथ्याशीं आधीं हातानें, व पुढें जोर मोजणाऱ्या यंत्रानें, ठराविक रेटा द्यावयाचा. शिळा हलली तर ती धोक्याची. अशा शिळेवर सूचना चिकटवितां येते, तिच्याभोंवतीं कुंपण घालतां येतें, तिला खुंटाचा आधार देतां येतो, पुन्हां पाया घालून ती उभी करतां येते, किंवा सरळ आडवी पाडून ठेवतां येते. यांतील शेवटचा मार्ग सर्वांत जलद व स्वस्त. साहजिकच हजारों शिळा आडव्या झाल्या. नवऱ्याच्या थडग्यावर फुलें ठेवण्यास आलेल्या एखाद्या वृद्धेनें त्याचें नांव गवतांत पालथें पडलेलें पाहिलें असेल तेव्हां तिला काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. तक्रारी इतक्या आल्या कीं, २००६ सालीं स्थानिक कारभाराच्या लोकपालांस या एकाच विषयावर स्वतंत्र निवेदन काढावें लागलें, आणि २००९ सालीं न्यायखात्यानें मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा सारांश असा कीं, शिळा पडून इजा होण्याचा संभव फार थोडा आहे. उपाय त्या संभवाच्या प्रमाणांत असावा. आणि शिळा आडवी पाडणें हा पहिला नव्हे, तर नाइलाजाचा उपाय समजावा.

आमची चूक व त्या नगरसभांची चूक या परस्परविरुद्ध दिसतात. आम्हीं शोभेसाठीं शिळेस हात लावूं दिला नाहीं. त्यांनीं भयापोटीं तिला उभी राहूं दिली नाहीं. परंतु दोहोंचें मूळ एकच आहे. आम्हांस ती शिळा म्हणजे एक चित्र वाटलें, त्यांस ती एक संकट वाटली. ती कोणाचें तरी नांव सांगत उभी आहे, हें दोघांच्याही ध्यानांत राहिलें नाहीं.

येथें कोणी असें म्हणेल कीं, हा जिवंत व मृत यांच्यामधील दावा आहे आणि त्यांत निकाल जिवंतांच्या बाजूनेंच लागला पाहिजे. निकालाविषयीं आमचा वाद नाहीं. सहा वर्षांच्या एका मुलाच्या प्राणापुढें जगांतील सर्व कोरीव शिळांची किंमत शून्य आहे. हें ज्यास मान्य नसेल त्यानें मृतांच्या सन्मानाची भाषा बोलूंच नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा दावाच खोटा आहे. ज्यानें आपल्या माणसाच्या उशाशीं शिळा उभी केली त्याचा हेतु काय होता? वाटसरूनें क्षणभर थांबावें, नांव वाचावें व पुढें जावें. तीच शिळा वाटसरूच्या लेकराच्या अंगावर पडली तर उभारणाऱ्याच्या हेतूचा तिच्याइतका घात दुसरें कोण करील? मृतास वाचा असती तर, "माझी शिळा आधीं घट्ट करा," असें त्यानेंच सांगितलें असतें. उलट, शिळा पालथी पाडून नांव मातींत घातलें तर जिवंत वांचला खरा, पण शिळा असून नसल्यासारखी झाली. म्हणून डागडुजी हें एकच कर्म असें आहे कीं, त्यानें दोन्हीं ऋणें एकदम फिटतात. दोन कर्तव्यांचा विरोध भासतो तेव्हां पुष्कळदां खरा विरोध कर्तव्यांत नसून कर्तव्य आणि आपला आळस यांच्यांतच असतो.

शिळा कां पडते, हें समजून घेण्यासाठीं आम्हांस उतारवयांत एका पाथरवटाचें शिष्यत्व पत्करावें लागलें. अपघातानंतर व्यवस्थापक मंडळींनीं त्यास बोलाविलें होतें. पडलेल्या शिळेभोंवतीं तो दोनदां फिरला, तिच्या बुडाशीं हात फिरविला, व म्हणाला, "दगड चांगला आहे, साहेब. पाय सुटलाय." आम्हीं इतक्या वर्षांत त्या दगडाचा पाय पाहिलाच नव्हता.

त्यानें जें शिकविलें तें थोडक्यांत असें. थडग्याखालची जमीन एकदां खणून भरलेली असते. आंतील लाकडी पेटी कुजून बसली कीं वरची माती खचते आणि शिळा पोकळीच्या बाजूस कलते. त्यांतून आमच्याकडची काळी जमीन; ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि दर वर्षीं पायास थोडें थोडें हलविते. जुने कारागीर शिळा व चौथरा यांच्यामध्यें लोखंडी खुंटी घालून ती शिसें ओतून पक्की करीत. शिसें टिकतें, पण कोठें तरी पाणी शिरतें, लोखंड गंजतें, आणि गंजलेलें लोखंड फुगून दगड आंतून फोडतें. बाहेरून पाहणारास एक बारीक रेघ तेवढी दिसते. कावळ्याच्या विष्ठेंतून पडलेलें पिंपळाचें बीं सांध्यांत रुजतें, आणि आपल्या धर्मबुद्धीस पिंपळ तोडणें रुचत नसल्यामुळें तें तेथें सुखानें वाढतें. हे सर्व शत्रु जुने आहेत. नवा शत्रु आहे तो सिमेंट. पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट १८२४ सालचें. त्यापूर्वींचीं बांधकामें चुन्यांतलीं, आणि त्यानंतरचींही पुष्कळशीं तशींच. चुना मऊ असतो. भिंतींतलें पाणी त्यांतून वाटे जातें, दगड हलला तर चुना किंचित् दबतो. सिमेंट यांतलें कांहींच करीत नाहीं. मऊ दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरलें कीं पाणी आंत कोंडतें, तें दगडाच्या अंगांतून वाट काढतें, आणि दहा-वीस पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा अक्षरांसकट गळून पडतो. म्हणजे भल्या बुद्धीनें केलेल्या दुरुस्तीनेंच नांव पुसलें जातें. "भरणी दगडाहून नरम पाहिजे," पाथरवट म्हणाला, "झिजायचं तर तिनं झिजावं." उपकार करणारानें ज्याच्यावर उपकार केला त्याच्याहून कठीण होऊं नये, असेंही हें वाक्य वाचतां येईल, पण त्या गृहस्थास सांगावयाचें होतें तें चुन्याविषयींच.

घरीं येऊन आम्हीं रस्किनचा ग्रंथ पुन्हां काढला. ज्या प्रकरणाच्या बळावर आम्हीं शिळांना हात लावण्यास विरोध केला होता त्याच प्रकरणांत, आम्हीं उतरून घेतलेल्या भागाच्या थोडें पुढें, त्यानें इमारतीची वेळच्या वेळीं काळजी घेण्यास, आणि कललेल्या भागास, दिसण्यांत कसाही असला तरी, टेकू देण्यास बजावून सांगितलें आहे. त्याचा रोष खोटें नवेपण आणणारांवर होता. काळजी घेणारांवर नव्हता. विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं जी संस्था काढली तिनेंही हेंच सूत्र पुढें चालविलें: नवी करूं नका, जपा. आम्हीं अर्धा रस्किन वाचला, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत दुसऱ्याच्या मुलानें दिली. विद्वत्तेची ही जात आमच्या व्यवसायांत फार आढळते, म्हणून येथें मुद्दाम नमूद केली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दुरुस्ती करावयाची खरी. पण ती आपणच कां करावी? आमच्या सभेंत हा आक्षेप एका तरुण सहकाऱ्यानें फार स्पष्टपणें मांडला. हीं थडगीं राज्यकर्त्यांचीं; ते आपल्या बोलावण्यावरून आले नव्हते; त्यांचे वंशज श्रीमंत देशांत सुखानें नांदत आहेत; त्यांना जें नको तें आपल्या माथीं कां? या आक्षेपास तोंडदेखलें उत्तर देऊन भागावयाचें नाहीं, कारण त्यांत न्यायबुद्धि आहे.

एक उत्तर असें दिलें जातें कीं, या परक्यांत थोर माणसेंही होतीं. कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीटवरील दफनभूमि १७६७ सालीं सुरू झाली. विटा व चुना यांनीं बांधलेल्या मनोऱ्यांचें व घुमटांचें तें एक लहानसें नगरच आहे, आणि तेथें सर विल्यम जोन्स याचा उंच स्तंभ उभा आहे. जोन्सनें १७८४ सालीं एशियाटिक सोसायटी स्थापिली, १७८९ सालीं शाकुंतलाचें भाषांतर युरोपपुढें ठेविलें, आणि १७९४ सालीं तो कलकत्त्यासच वारला. त्याचा स्तंभ राखावा हें कोणीही कबूल करील. पण या उत्तरानें आमचें काम होत नाहीं. ज्यानें आपल्यावर उपकार केला त्याचाच दगड उभा ठेवावयाचा असेल तर आमच्या गांवच्या शंभरांतील एकाचाही उभा राहणार नाहीं. तेथें जोन्स नाहीं. तेथें पटकीनें मेलेले विशीतले शिपाई आहेत, बाळंतपणांत गेलेल्या बायका आहेत, आणि मोजूं नयेत इतकीं तान्हीं मुलें आहेत. हिंदुस्थानांत आलेल्या युरोपियनाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, अशी त्यांच्यांत म्हणच होती. थिऑन विल्किन्सन यांनीं या दफनभूमींवर १९७६ सालीं लिहिलेल्या पुस्तकाचें नांवही तेंच आहे. त्याच सालीं त्यांच्या पुढाकारानें विलायतेंत दक्षिण आशियांतील अशा दफनभूमींसाठीं एक संस्था निघाली. म्हणजे वंशजांनीं अगदींच पाठ फिरविली असेंही नाहीं. पण तीन दिवसांच्या मुलाचे वंशज कोठून आणावयाचे?

दुसरें उत्तर देवघेवीचें. आपल्या माणसांचीं थडगीं परदेशांत आहेत. तीं त्यांनीं राखावीं अशी आपली इच्छा असेल तर त्यांचीं आपण राखावीं. याचें उत्तम उदाहरण ब्रिस्टल शहरीं आहे. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजीं तेथें वारले. ख्रिस्ती संस्कारानें आपलें दफन झाल्यास मागें मुलांच्या वारशास बाध येईल अशी त्यांस शंका होती, म्हणून ते ज्या घरीं पाहुणे होते तेथल्याच बागेंत त्यांस निःशब्दपणें पुरण्यांत आलें. दहा वर्षांनीं, १८४३ सालीं, त्यांचे स्नेही द्वारकानाथ ठाकूर यांच्या पुढाकारानें तो देह आर्नोस व्हेल या दफनभूमींत नेण्यांत आला व त्यावर हिंदुस्थानी घाटाची दगडी छत्री उभारली गेली. इंग्रजी पावसांत ती छत्री कशी परक्यासारखी उभी असेल! ती दफनभूमि एका कंपनीच्या मालकीची होती. जागा भरत आली, उत्पन्न आटलें, झाडी माजली, शिळा कलथल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस मालकाच्या मनांत त्या जागेचा कांहीं भाग बांधकामास काढण्याचें आलें, तेव्हां ब्रिस्टलचे सामान्य नागरिक उठले. वर्षानुवर्षें त्यांनीं तो लढा चालविला. २००३ सालीं नगरसभेनें ती जागा सक्तीनें ताब्यांत घेतली. पुढें मोठी दुरुस्ती होऊन २०१० सालीं ती पुन्हां नीट खुली झाली. त्याच सुमारास राजा राममोहन यांच्या छत्रीचीही डागडुजी झाली. ज्यांनीं झाडी तोडली, पहारा केला, वर्गणी दिली त्यांतील बहुतेकांचे आप्त तेथें असतील. पण छत्रीखालच्या त्या बंगाली ब्राह्मणाशीं त्यांचें नातें तें कोणतें? आणि ज्यांनीं मित्रासाठीं छत्री उभारली ते द्वारकानाथ स्वतः १८४६ सालीं लंडनमध्यें वारले आणि केन्सल ग्रीनच्या दफनभूमींत एका साध्या शिळेखालीं निजले आहेत. गंगेच्या कांठचीं हीं दोन माणसें. त्यांच्या दगडांची काळजी त्या मातींत जन्मलेल्या परक्यांच्याच हातीं आहे.

हें उदाहरण हृदयंगम आहे. पण देवघेवीचा हिशेबही पुरता जुळत नाहीं. ज्या ब्रिस्टलकरानें छत्रीभोंवतींचीं झुडुपें तोडलीं त्यानें मोबदल्याची वाट पाहिली नव्हती, आणि आमच्या गांवीं सार्जंटाच्या बायकोची शिळा उभी केल्यानें कोणत्याही हिंदी माणसाची शिळा विलायतेंत सावरली जाणार नाहीं. तेव्हां उपकार नव्हे, रक्त नव्हे, देवघेव नव्हे. मग उरलें काय? उरतें तें शेजार. मृत माणूस आपल्याजवळ ठेवलेला आहे, एवढेंच. ठेव कोणीं ठेवली, तो आपला कोण, त्यानें आपणांस विचारलें होतें कीं नाहीं, हे प्रश्न ठेव सांभाळण्याच्या आड येत नाहींत. ती आपल्या दारीं आहे आणि ठेवणारा परत येऊं शकत नाहीं, म्हणून ती जास्तच जपावयाची असते. आमच्या मतें मृतांचे वारस दोन प्रकारचे: रक्ताचे आणि जागेचे. पहिले संपतात, दुसरे संपत नाहींत.

ही कल्पना परकी आहे असें कोणास वाटूं नये. आपल्या श्राद्धविधींत ज्यांच्यामागें पाणी देण्यास कोणी उरलें नाहीं अशांसाठीं ओंजळभर पाणी सोडण्याची जागा ठेवलेली आहे, आणि ज्याच्याशीं आपलें कांहींही नातें नाहीं त्यास धर्मपिंड देण्याची रीत आहे. पंडितांपेक्षां आमचे शेतकरी याबाबतींत पुढें गेले. शिरूर-घोडनदी येथें कर्नल वॉलेस नांवाचा इंग्रज अंमलदार १८०९ सालीं वारला. आसपासचे लोक त्याला सत्पुरुष म्हणत व सुगीच्या दिवसांत त्याच्या थडग्यास नैवेद्य आणीत, अशी नोंद जुन्या पुणें गॅझेटियरांत आहे. त्या शेतकऱ्यांनीं त्याच्या राजाशीं सलोखा केला होता असें नाहीं. त्यांच्या शिवारांत एक मृत मनुष्य होता, आणि आपल्या शिवारांतल्या मृताशीं जसें वागावयाचें तसें ते वागले.

दुसरा आक्षेप पैशाचा. जिवंतांस औषध नाहीं, आणि दगडांस चुना? हा आक्षेप खरा असेल तेव्हां त्यापुढें आम्ही मान लववूं. दवाखाना कीं थडगें अशी निवड उभी राहिली तर दवाखाना. परंतु अशी निवड क्वचितच खरोखर उभी राहते. ओळंबा, चुना, चार मजूर व आठ दिवस, एवढ्याचें काम वेळेवर होत नाहीं म्हणून तें पुढें मोठ्या खर्चाचें होतें. शिवाय ज्या बेपर्वाईनें ती शिळा कलूं दिली तिनेंच त्या मुलाचा पाय मोडला; मृतांसाठीं वेगळी बेपर्वाई व जिवंतांसाठीं वेगळी, अशा तिच्या दोन जाती नाहींत. तिसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा: देह हें टाकलेलें वस्त्र, मग त्याच्या खुणेचा एवढा सोस कां? ज्याला तें तत्त्व स्वतःच्या देहाविषयीं पटलें असेल त्यानें खुशाल खूण न ठेवतां जावें. आम्हीही तसेच जाणार आहों. पण आपल्या वैराग्याचा उपयोग दुसऱ्याच्या शोकाची खूण मोडूं देण्याकडे करणें हें वैराग्य नव्हे.

आमच्या गांवीं शेवटीं काय झालें तें सांगून लेख पुरा करतों. सभेंत सर्व शिळा आडव्या पाडाव्या अशी सूचना आली होती; ती एका मतानें फेटाळली गेली, व तें मत आमचें होतें, म्हणून त्याचा अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. पाथरवटानें प्रत्येक शिळेस ओळंबा लावला. चौदा धोक्याच्या निघाल्या. त्यांतील अकरा त्रिपाई व कप्पी लावून उचलल्या, नवा पाया घालून चुन्यांत बसविल्या, आणि लोखंडाच्या जागीं न गंजणाऱ्या पोलादाच्या खुंट्या घातल्या. दोन उंच स्तंभ एका हंगामांत होण्यासारखे नव्हते. त्यांभोंवतीं कुंपण घातलें आहे, व तें दिसण्यांत कुरूप आहे. एक शिळा इतकी जीर्ण होती कीं ती उभी राहणें शक्य नव्हतें. ती विटांच्या ओट्यावर उताणी ठेवली आहे, अक्षरें वर करून. पिंपळ मुळासकट काढले. एक वृद्ध माळी त्या दिवशीं कामावर आला नाहीं, आणि त्यास कोणीं कांहीं म्हटलें नाहीं. बी. ए. च्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं सर्व लेख वाचून वहींत उतरविले. ज्या तरुण सहकाऱ्यानें आक्षेप घेतला होता त्यानेंच पुढें हें काम अंगावर घेतलें. त्याचें मत बदललें कीं नाहीं, हें आम्हीं त्यास विचारलें नाहीं.

पडलेली शिळा दोन तुकड्यांची झाली होती. ती जोडली आहे. तडा बुजविला आहे, पण लपविला नाहीं. नुसतें पाणी व मऊ ब्रश यांनीं हळूहळू धुतल्यावर अक्षरें वर आलीं. पलटणींतील एका सार्जंटाची बायको, वय वर्षें एकोणीस. आणि तिच्याच बरोबर तिचें तीन दिवसांचें मूल. आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों व त्याच्या आईस सांगितलें कीं, थडगें कोणाचें तें आतां कळलें. तिनें तें ऐकून घेतलें. "म्हणजे बाळंतपणात गेली," ती म्हणाली, आणि थोडा वेळ थांबून तिनें विचारलें, "मग तिच्या नवऱ्याचं थडगं कुठंय?" तेंही आम्हांस ठाऊक नव्हतें. पलटण पुढें गेली असेल.

त्या स्त्रीचें नांव आम्ही येथें देत नाहीं. तें शिळेवर आहे. ज्यास हवें असेल त्यानें तेथें जाऊन वाचावें. आतां तिच्याजवळ उभें राहण्यांत भय नाहीं.